अव्वाची दुभाषी

माझ्या आईचं माहेर निलंग्याच्या पलीकडे, सीमेच्या त्या बाजूला. आई लाडात आली की मराठी बोलायची आणि चिडली की कन्नड. ती चिडायची फार, त्यामुळे माझं कन्नड लहानपणीच पक्कं झालं. या भाषेपायी पुढे मला कोर्टात उभं राहावं लागलं. तरी आज ते दिवस आठवले की मनात कृतज्ञताच जास्त दाटते. थोडा राग आहे, तो एका वकिलावर आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या. आदल्या महिन्यापर्यंत जिथं कुणाची तरी सून भाकरी थापायची, तिथं साहेबाची खुर्ची आली होती. लोकांना या सगळ्याचं फार कौतुक. पण नेमका तेव्हाच दुष्काळ पडला. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही, असं लोक हसून म्हणायचे आणि घागरी घेऊन टँकरच्या वाटेला लागायचे.

मी नर्सिंगचं शिक्षण संपवून निलंग्याच्या पुढच्या एका गावात मिशनच्या दवाखान्यात लागले होते. आम्ही बौद्ध. बाबांनी छप्पन साली, ऐन तरुणपणी दीक्षा घेतलेली. शाळामास्तर म्हणून निवृत्त होऊन ते उमरीला राहत होते. मी मिशनमध्ये नोकरी धरली तेव्हा त्यांनी एकच ताकीद दिली, "पगार घे, धर्म घेऊ नको." धर्म मला कुणी देऊही केला नाही. तिथले फादर वसईचे होते. केळीच्या बागांत वाढलेला माणूस! त्या करपलेल्या रानातसुद्धा त्यांनी चर्चच्या मागे केळीचे चार खुंट लावले होते आणि भांडी धुतलेलं पाणी स्वतः नेऊन घालायचे. केळी काही जगल्या नाहीत. फादरनी दुसरे खुंट आणले. असा चिवट माणूस.

गावाच्या कडेला खडी फोडणाऱ्यांची वस्ती होती. तिथं सीमेपलीकडून आलेली एक म्हातारी विधवा आपल्या एकुलत्या एका मुलासोबत राहायची. दोघं कॅथलिक. तिला सगळं गाव अव्वा म्हणायचं. तिचं मराठी मोडकंतोडकं, आणि तिनं तोंड उघडलं की पोरं हसायची. म्हणून ती आमच्या दवाखान्यात येऊन बसायची आणि माझ्याशी पोटभर कन्नड बोलून जायची. औषध नको असलं तरी यायची.

त्या उन्हाळ्यात गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवर वस्तीला पाणी भरायची बंदी केली. अव्वा विहिरीवर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत त्याला शाप दिला, "तुजं समदं जळून जाईल." मुलानं शेतकऱ्याच्या माणसाची गचांडी धरली. लोकांनी सोडवासोडव केली. त्यानंतर काही दिवसांनी त्या शेतकऱ्याचा गोठा पेटला. आत साठवलेला कडबा गेला, आणि दावणीला बांधलेली बैलजोडी गेली. दुष्काळात कडबा जळणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्या शेतकऱ्याला शिव्या देणारेसुद्धा त्या बैलांसाठी रडले.

त्याच आठवड्यात अव्वाला आमच्याकडे आणलं. जुलाब, उलट्या, अंगात ताप. त्या साली गढूळ पाण्यानं कितीतरी माणसं आडवी झाली होती, पण ही वयानं थकलेली होती. सलाईन चढत होतं आणि अव्वा उतरत चालली होती. तापात तिचं होतं नव्हतं तेवढं मराठीही गेलं. एका दुपारी तिनं फादरना बोलावलं. तिला पापनिवेदन करायचं होतं.

कॅथलिक माणूस आपली पापं फादरच्या कानात सांगतो आणि फादर देवाच्या वतीनं क्षमा करतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण फादरना कन्नड येत नव्हतं. ते माझ्यामार्फत तिला म्हणाले, "अव्वा, देवाला कन्नड येतं. मला येत नाही म्हणून काही अडत नाही. मनातल्या मनात सांगा." मी तसं सांगितलं. अव्वानं नाही म्हणून मान हलवली. तिला माणसाला सांगायचं होतं. मुलाला कन्नड येत होतं, पण आईची पापं मुलाच्या तोंडून कशी वदवायची?

फादर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "दुभाषी चालतो आमच्यात," ते म्हणाले. "तू आमच्यातली नाहीस, तुला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. पण आत आलीस तर जे ऐकशील ते तुझं नाही. आईला सांगायचं नाही, पुढे लग्न झालं तर नवऱ्याला नाही. मलासुद्धा नाही."

"तुम्हाला तर माझ्याच तोंडून कळणार ना, फादर?"

"आत कळेल. बाहेर आल्यावर आपण दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही."

मी लगेच हो म्हटलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं, पण त्या वयात आपल्याला सगळंच जमेल असं वाटतं. आत जाऊन मी आधी अव्वाला शब्द दिला, तिच्या भाषेत, तिचा हात धरून. फादरनी मुलाला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

आत काय बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. हे वाचणारा रागावला तर रागावू दे.

अव्वा दुसऱ्या दिवशी गेली. तिला माती देऊन मुलगा घरी परतला आणि पोलीस दारात उभे होते. गोठा त्यानंच जाळला, असा आरोप. गचांडी धरलेली सगळ्यांनी पाहिली होतीच. शिवाय त्याच्या झोपडीतून रॉकेलचा डबा आणि काडेपेटी जप्त झाली म्हणे. तेव्हा कुणाच्या झोपडीत रॉकेलचा डबा नव्हता, ते मला कुणीतरी सांगावं! पण त्याला जामीन राहायला कुणी नव्हतं, आणि पोरगा तुरुंगात बसला.

खटला लातूरच्या नव्या कोर्टात लागला. मुलाला मिळालेला वकील मोठा बोलघेवडा होता. तो एक दिवस जीप करून दवाखान्यात आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "सिस्टर, म्हातारीनं मरताना तुमच्यादेखत पापं सांगितली. तो पोरगा दाराबाहेर होता, त्यानंच मला सांगितलं. आता तुम्ही कोर्टात एवढंच म्हणा, गोठा मीच पेटवला असं म्हातारी म्हणाली. मेलेल्या बाईला कायदा काय करणार? पोरगा सुटतो."

"ती काय म्हणाली ते तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत असायची गरजच नाही," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यावर माझा राग आहे, आणि तो आजही ताजा आहे.

तो गेल्यावर मी तणतणत फादरकडे गेले. त्यांच्या हातात नेहमीप्रमाणे केळीला घालायच्या पाण्याची बादली होती. मी म्हटलं, "फादर, मला आतलं काही बोलायचं नाही. पण नुसतं एवढं तरी सांगता येईल का, की गोठ्याबद्दल ती काही बोलली किंवा..."

फादरनी बादली खाली ठेवली आणि हात वर केला. "थांब. पुढचा शब्द काढू नको. आज तू म्हणालीस की त्यातलं काही नव्हतं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या वेळी तू गप्प बसलीस की त्या गप्प बसण्याचाच अर्थ लोक काढतील. म्हणून होपण सांगायचं नाही आणि नाहीपण सांगायचं नाही."

"आणि पोरगा तुरुंगात सडू द्यायचा?"

त्यांनी वाकून केळीच्या खुंटाभोवतीची माती सारखी केली. मग म्हणाले, "कोर्टात गप्प राहिलीस म्हणून तुला शिक्षा झाली तर मी भोगतो असं म्हणायला सोपं आहे. पण ते मला भोगू देणार नाहीत. म्हणून मी तुला काही वचन देत नाही, पोरी." त्यांचे डोळे भरले होते. उगीच धीर द्यायला त्यांनी मला फसवलं नाही, याचं मोल मला पुढे कळलं.

कोर्टाचं समन्स आलं, आणि पाठोपाठ नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक झाल्याचा हुकूमही आला. ज्या नोकरीसाठी घरादारानं डोळे लावले होते, ती मिळायला आणि मी कोर्टात अडकायला एकच गाठ पडली. बाबा उमरीहून एसटी बदलत बदलत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, आतलं सोडून.

बाबांचा कोर्टावर फार जीव. ते म्हणाले, "हे बघ, देवळानं आपल्याला बाहेर ठेवलं, कोर्टानं आत घेतलं. संविधान नसतं तर तू सिस्टर झाली असतीस का? आपल्या घरातल्या माणसानं कोर्टाचा अवमान करायचा न्हाई."

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटत होतं, तीच तर पंचाईत होती.

मग त्यांनी विचारलं, "शब्द कुणाला दिलास? फादरला का देवाला?"

"म्हातारीला."

"तिच्यावर उपकार म्हणून?"

"न्हाई बाबा. तिला माझ्याशिवाय दुसरी जीभ नव्हती म्हणून."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग पाळ," ते म्हणाले. "पन कोर्टासमोर खोटं बोलू नको. आठवत न्हाई, ऐकू आलं न्हाई, असली सोंगं करायची न्हाईत. आठवतंय पन सांगणार न्हाई, असं सरळ सांग. मग काय व्हायचं ते हू दे."

तारखेला मी, बाबा आणि फादर निलंग्याहून एसटीनं लातूरला गेलो. कोर्टाची खोली लहान, वर पंखा नुसता नावाला. मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. तो इतका वाळला होता की मी आधी ओळखलंच नाही. शिरस्तेदार मला ईश्वराची शपथ सांगू लागले. मी म्हटलं, मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते. वकिलाला आयतंच कोलीत मिळालं.

"म्हणजे तुम्ही देव मानत नाही?"

"नाही."

"पापनिवेदन मानता?"

"नाही."

"मग कोणाच्या देवासाठी गप्प बसलात?"

लोक हसले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती तिच्या देवाशी बोलत होती, मी मधली होते. दुसऱ्याचं बोलणं माझ्याजवळ ठेवायला दिलेलं आहे. ते मी विकू का?"

"विकू नका, द्या! म्हातारीनं गोठा पेटवल्याचं कबूल केलं का? हो की नाही, एवढंच सांगा."

"मला सगळं आठवतंय. पण मी सांगणार नाही."

तेवढ्यात पिंजऱ्यातून मुलगा ओरडला. "सिस्टर, सांगा की! अव्वानंच लावली म्हणून सांगा! ती गेलीया, मी हाय अजून! मला मारून टाकतेत इथं!" शिपायानं त्याचा दंड धरला. तो गज धरून ढसाढसा रडत होता. मला अजून तो आवाज ऐकू येतो. त्या क्षणी माझी जीभ हललीच होती. काय म्हणायला हलली, ते विचारू नका. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली होती. मी ओठ आवळून उभी राहिले, आणि मला वाटलं की या जगात माझ्याइतकं निर्दय दुसरं कोणी नाही.

न्यायाधीश वयस्कर होते, आवाज अगदी बारीक. त्यांनी पुस्तक काढून वाचलं, मग माझ्याकडे वळले. "बाई, वकिलाला अशिलाचं गुपित राखायची मुभा कायद्यानं दिलेली आहे. धर्मगुरूला अशी मुभा मला कायद्यात सापडत नाही. दुभाष्याला तर नाहीच. मी प्रश्न विचारला तर तुम्हाला सांगावं लागेल. नाही सांगितलं तर मला शिक्षा द्यावी लागेल. कळतंय?"

"कळतंय साहेब."

"आणि तरीही?"

"तरीही. शिक्षा दिलीत तर मी कोर्टाला वाईट म्हणणार नाही."

मागून फादर उभे राहिले. "साहेब, तिला यात मी आणलं. शिक्षा मला द्या."

"तुम्हाला कन्नड येतं?"

"नाही."

"मग खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. फादर बसले. एरवी मी खो खो हसले असते.

मग न्यायाधीश वकिलाकडे वळले. "गोठ्यात झोपणाऱ्या सालगड्याची साक्ष झाली. तुम्ही त्याला उलट काय विचारलं?"

वकील कागद चाळू लागला. वर्षाच्या बोलीवर राहिलेला तो गडी रोज त्या गोठ्यातच झोपायचा. सरकारी वकिलानं त्याची साक्ष घेतली होती, आणि आमच्या या बोलघेवड्यानं त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. सगळी भिस्त माझ्यावर!

"काही विचारलं नाही, साहेब."

"तर मग मेलेल्या बाईला उठवायच्या आधी जित्या माणसाला विचारा. त्याला आणि जप्तीच्या पंचांना पुन्हा बोलावतो. बाईंना प्रश्न विचारायचा की नाही, ते त्यानंतर बघू. बाई, तुमची सुटका झालेली नाही. पुढच्या तारखेला हजर राहा."

पुढच्या तारखेला मी बाहेर बाकावर बसून होते. आत बोलावलं की तुरुंग, असं मनाशी धरूनच आले होते. बाबांनी शेजारी बसून भाकरीचं फडकं उघडलं. मी नको म्हटलं, तर ते म्हणाले, "तुरुंगात गेलीस तर उपाशी जाऊ नको." आतून वकिलाचा आवाज येत होता. त्या दिवशी मात्र त्यानं काम केलं, कारण दुसरा मार्गच उरला नव्हता. सालगड्यानं सांगितलं की वारं सुटलं होतं, आढ्याला पेटता कंदील टांगलेला होता, आणि तो तसाच टाकून आपण ओढ्यातल्या झऱ्यावर पाण्यासाठी नंबर लावायला गेला होता. परत आला तर गोठा पेटलेला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पंच म्हणाला, डबा मी पाहिला नाही, चौकीत बसून सही केली.

मला आत बोलावणं आलं नाही. मुलगा संशयाचा फायदा मिळून सुटला. गोठा कुणी लावला की आपोआप लागला, हे कोर्टानं सांगितलं नाही. मीही सांगत नाही.

माझं तोंड उघडायला लावायचा हक्क त्या न्यायाधीशांच्या हातात होता. त्यांनी तो सोडला नाही, कुणाला खिरापतीसारखा वाटलाही नाही, आणि गरज पडेपर्यंत वापरलाही नाही. अशा माणसाच्या हाती सत्ता असली की बाबांसारखी माणसं कोर्टावर जीव का टाकतात ते कळतं. त्या न्यायाधीशांना मी पुन्हा कधी भेटले नाही. मनातल्या मनात किती वेळा पाया पडले असेन! फादर काही वर्षांनी बदलून गेले. त्या दुपारबद्दल आम्ही एकमेकांशी शेवटपर्यंत अक्षर बोललो नाही. पण एकच ओझं दोघांनी धरलंय हे दोघांनाही माहीत असायचं, आणि त्या आधारानं मी ते पेललं.

मी नांदेडला रुजू झाले. जवळच विष्णुपुरीला तेव्हा धरणाचं काम जोरात होतं. एक दिवस बाह्यरुग्ण विभागात बोटाला चिंधी गुंडाळलेला एक मजूर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सिस्टर, वळखलं का?"

अव्वाचा मुलगा. अंगानं भरला होता. धरणावर कामाला लागला होता, लग्न झालं होतं. मी त्याच्या बोटाला पट्टी करायला घेतली. आता हा काय बोलेल या धास्तीनं मी नजर त्याच्या बोटावरच ठेवली.

"तवा तुमचा लई राग आला हुता," तो म्हणाला. "रोज शिव्या द्यायचो. मग सुटून गावात आलो. लोकं अव्वाचं नाव काढायचे. मोडकं बोलायची पन मायाळू हुती म्हणायचे. तवा ध्येनात आलं. तुम्ही हाव म्हणला असता तर गावानं तिला बैलं जाळणारी म्हणलं असतं. मेल्यावर. आन् ते मी माझ्या तोंडानं मागत हुतो. मी माझी आई इकायला काढली हुती सिस्टर. तुम्ही इकू दिली न्हाई."

पट्टी करून झाली तरी मी त्याचा हात तसाच धरून ठेवला होता.

"एक इचारू? आतलं न्हाई इचारत. ते झाल्यावर, मला आत घ्यायच्या आधी, मधी थोडा येळ गेला हुता. तवा काय झालं?"

मी विचार केला. पापनिवेदन तेव्हा संपलं होतं. फादर त्याला धीर देऊन आत आणायला बाहेर गेले होते आणि खोलीत अव्वा आणि मी दोघीच होतो. तेवढा वेळ माझा होता. मला देता येत होता.

"तिनं मला जवळ बोलावलं," मी सांगितलं. "म्हणाली, लेकरू आत येतंय, मला अशी बघून घाबरंल. माझे केस इंचरून दे. मी तेल लावून तिचे केस विंचरले, तोंड पुसलं. ती दाराकडं बघत होती."

त्यानं दुसऱ्या हातानं पट्टी चाचपली.

"मी आत आलो तवा भांग पाडलेला हुता," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही लोकांनी मयताची तयारी करून ठेवली."

"न्हाई रे," मी म्हटलं. "तुझ्यासाठी केली हुती."